शेरा : नादुरुस्त

निर्लेखनाच्या, म्हणजे वापरातून बाद करायच्या वस्तूंच्या यादीत एरवी मोडक्या खुर्च्या, जळालेले पंखे आणि पाय तुटलेले ईझल असतात. यंदा त्यांच्या खाली एक नवी ओळ होती : 'पेन टॅब, नग १२, शेरा : नादुरुस्त.' पेन टॅब म्हणजे संगणकाला जोडून पेनने चित्र काढायची पाटी. मी जिथे चित्रकला शिकवते तिथल्या संगणक कक्षात दिवाळीनंतर नवे संगणक आले. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे ऐन दिवाळीच्या आदल्या आठवड्यात थांबवला. आमच्या जुन्या यंत्रांवर विंडोज ११ बसण्यासारखं नव्हतं, म्हणून खरेदी झाली. नवे संगणक मांडले गेले आणि आदल्या दिवशीपर्यंत मुलं ज्यांच्यावर रेखाटनं करत होती ते बाराही टॅब एका दुपारीत नादुरुस्त ठरले. कुणी पाडले नव्हते, कुणाचा चहा त्यांच्यावर सांडला नव्हता. नव्या संगणकाने त्यांना ओळख दिली नाही, एवढाच त्यांचा बिघाड.

शिक्षकांच्या खोलीत यावरून चांगलीच जुंपली, आणि दोन्ही बाजू इतक्या ढिसाळपणे लढत होत्या की माझं डोकं उठलं. एका बाजूचं म्हणणं, हे सगळं कंपन्यांचं कारस्थान आहे. नवा माल खपावा म्हणून जुना मुद्दाम मारतात. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, काळाबरोबर चाला. पंधरा वर्षं जुनी पाटी कवटाळून बसणं ही भाबडी माया आहे, नवा टॅब आता चार-पाच हजारांत मिळतो. पहिल्यांकडे पुरावा नव्हता आणि दुसऱ्यांना प्रश्नच कळला नव्हता.

माझं म्हणणं तिसरंच आहे. कंपनीने विकलेल्या प्रत्येक यंत्राला जन्मभर पोसावं अशी अपेक्षा मी धरत नाही. पण पोसणं थांबवताना त्या यंत्राशी बोलायची भाषाही कुलपात घालून निघून जायचा अधिकार तिला नाही. टॅबचे पैसे मी मोजले, तेव्हा तो टॅब संगणकाला नेमकं काय सांगतो हे समजण्याचा हक्कही त्याच पैशांत आला. ड्रायव्हर, म्हणजे टॅबचं बोलणं संगणकाला समजावणारा प्रोग्राम, देणं जमत नसेल तर देऊ नका. दुसऱ्या कुणाला तो लिहिता येईल एवढा कागद मात्र मागे ठेवा.

आधी 'नादुरुस्त' या शब्दाचंच पाहू. या धंद्यातली सगळ्यांत परिचित कंपनी म्हणजे जपानची वॅकॉम, १९८३ साली स्थापन झालेली. तिच्या पेनात सेल नसतो. पाटीखाली तारांचं जाळं असतं, त्यातून चुंबकीय क्षेत्र निघतं, पेनातली इवलीशी कॉइल त्याने जागी होते आणि उलट संकेत पाठवते. त्या संकेतावरून पेन कुठे आहे आणि किती दाबलंय हे पाटीला कळतं. या सगळ्या मांडणीत सतत झिजणारी वस्तू म्हणजे निब, आणि ती चिमट्याने उपटून दोन मिनिटांत बदलता येते. पाटीचा वरचा थर घासून गुळगुळीत होतो, केबल मानेपाशी तुटते, क्वचित एखादं बटण बसतं. बाकी आत मोटर नाही, पंखा नाही, फिरणारा एकही भाग नाही. २००४ साली आलेल्या इंट्युओस ३ या टॅबची बारकावा टिपण्याची क्षमता इंचाला ५०८० रेषा होती. २०१७च्या इंट्युओस प्रोचीही तेवढीच. दाबाच्या पायऱ्या १०२४ वरून ८१९२ वर गेल्या हे खरं. पण डोळे बांधून या दोन्हींवर रेघ ओढायला लावली तर फरक सांगेल असा चित्रकार मला अजून भेटायचा आहे.

मग नव्या संगणकावर अडतं कुठे? यूएसबीने जोडायच्या माऊस, कीबोर्ड अशा उपकरणांनी काय बोलीत बोलावं याचा 'एचआयडी' नावाचा एक सामाईक करार १९९०च्या दशकापासून आहे. त्यात पेन आणि पाटीसाठी वेगळं प्रकरणही आहे. पुष्कळ जुन्या टॅबनी तो करार अर्धामुर्धाच पाळला. संगणकाला जोडल्याजोडल्या ते माऊसचं सोंग घेतात. कर्सर हलतो, क्लिक होतं, पण प्रेशर येत नाही. ब्रश हळू दाबा नाहीतर जोर लावून दाबा, रेघ आपली मेणबत्तीच्या वातीसारखी एकाच जाडीची. खऱ्या रूपात यायला त्यांना एक ठरावीक हुकूम लागतो आणि तो हुकूम कंपनीच्या ड्रायव्हरलाच ठाऊक असतो. यूसी-लॉजिक या कंपनीच्या बनावटीच्या पाट्या जगभर निरनिराळ्या ब्रँडच्या नावांनी विकल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच पाट्यांचा हुकूम काय निघाला? पाटीच्या आत साठवलेल्या माहितीतली विशिष्ट क्रमांकाची ओळ मागायची, काहींना १००वी, काहींना २००वी. ओळ मागितली की पाटी माऊसचं सोंग टाकते आणि दाबासकट सगळं सांगू लागते. तिळा तिळा दार उघड! ज्याच्या अभावी हजारो पाट्या माळ्यावर गेल्या तो मंत्र एवढाच.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझा स्वतःचा टॅब २००९ सालचा, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला. पेनात बारीक सेल घालावा लागतो, पेन थोडं जड आहे, पण माझ्या अंगठ्याला त्याची सवय झाली आहे. दिवाळी अंकांची कित्येक चित्रं मी त्याच्यावर केली. घरचा संगणक बदलला आणि प्रेशर गेलं. विक्रेत्या कंपनीला लिहिलं (तिचं नाव घेत नाही, मुद्दा एका कंपनीचा नाहीच) तर उत्तर आलं की हे मॉडेल आता आधाराच्या यादीत नाही, नव्या मॉडेलवर सवलत मिळेल. दुकानदार त्याहून प्रेमळ. तो म्हणाला, "मॅडम, पंधरा वर्षं वापरलात, वसूल झाला की!" मग एक जुना विद्यार्थी घरी आला होता, त्याने पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मुक्त प्रणाली सुरू केली, त्यात क्रिता हा चित्रकलेचा प्रोग्राम उघडला आणि पेन माझ्या हातात दिलं. काहीही बसवलं नाही, काहीही डाउनलोड केलं नाही. पहिल्याच फटकाऱ्याला रेघ बारीक सुरू झाली, मध्ये फुगली, टोकाला केसासारखी संपली. तोच संगणक, तीच पाटी, तीच केबल. आता यात नादुरुस्त काय होतं ते मला सांगा.

याच्या विरोधातला सगळ्यांत भक्कम मुद्दा सुरक्षेचा आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. जुन्या पद्धतीचे पुष्कळसे ड्रायव्हर संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये जाऊन बसतात. तिथे बसलेल्याला काहीच वर्ज्य नसतं. ओळखीच्या माणसालाही आपण थेट घराच्या तिजोरीपर्यंत नेत नाही. मग २००९ साली लिहिलेला, त्यानंतर कुणी न तपासलेला प्रोग्राम तिथवर का न्यावा? ६४-बिट विंडोजमध्ये व्हिस्टा या आवृत्तीपासूनच कर्नल ड्रायव्हरवर डिजिटल सही सक्तीची झाली. २०१६ पासून, म्हणजे विंडोज १०च्या १६०७ आवृत्तीपासून, नव्या कर्नल ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्टचीच मोहोर लागते. आमच्या कक्षातले जुने संगणक ३२-बिट विंडोजवर होते आणि विंडोज ११ला ३२-बिट आवृत्तीच नाही, म्हणून त्यांचे ड्रायव्हर तिथेच गळाले. शिवाय नव्या यंत्रांवर 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचा पहारा आधीपासून चालू असतो; तो जुन्या धाटणीच्या अनेक ड्रायव्हरना आत घेत नाही. संगणक बसवायला आलेल्या मुलाने सुचवलं, "तो पहाराच बंद करून टाकू ना, मॅडम." मी नको म्हटलं. बारा टॅबसाठी शे-दीडशे मुलांची कामं, पासवर्ड आणि फी भरल्याच्या पावत्या असलेली यंत्रं उघडी टाकायची नाहीत, इतकं मलाही कळतं.

म्हणजे विरोधक बरोबर? अर्धे. गाभ्यातला ड्रायव्हर धोकादायक असतो हे खरं, पण तो जुना असतो म्हणून धोकादायक हे खरं नाही. २०१० साली उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामच्या ड्रायव्हरवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या दोन प्रतिष्ठित कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांच्या सह्या होत्या. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे केले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातात पेनने लिहिलेले बोर्डिंग पास आले. त्या कंपनीचा ड्रायव्हर जुना नव्हता, बेवारस नव्हता, सहीशिक्क्यासह गाभ्यात बसलेला होता. धोका वयात नाही, बसण्याच्या जागेत आहे. आणि चित्र काढायच्या पाटीला त्या जागी बसायची गरजच काय? ओपनटॅब्लेटड्रायव्हर नावाचा मुक्त प्रकल्प आपलं बहुतेक काम गाभ्याबाहेर, साध्या प्रोग्रामसारखं करतो. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या नव्या-जुन्या पाट्या ओळखतो. ॲपलनेही २०१९ मध्ये 'ड्रायव्हरकिट' आणून ड्रायव्हरांना गाभ्याबाहेर काढायचाच रस्ता धरला. म्हणजे सुरक्षेची काळजी खरी असेल तर उपाय सरळ आहे : पाटीची भाषा सांगा, लोक ती बाहेरच्या ओसरीवर बसून वाचतील. भाषा लपवायची आणि वर सुरक्षेचं कारण सांगायचं, हे काही जुळत नाही. उलट लपवण्यानेच माणूस कुठल्यातरी अनोळखी साइटवरून जुना ड्रायव्हर उतरवतो, पहारा बंद करतो आणि खऱ्या संकटाला दार उघडून देतो.

दुसरा मुद्दा खर्चाचा. तोही खोटा नाही. ॲपलने २००६ मध्ये मॅकमधली पॉवरपीसी चिप सोडून इंटेलची धरली, २०१९ मध्ये कॅटालिना ही मॅकची नवी आवृत्ती आणून ३२-बिट प्रोग्रामांना रामराम केला, २०२० मध्ये इंटेलही सोडायला सुरुवात केली. अशा प्रत्येक वळणावर आपली वीस-तीस जुनी मॉडेलं पुन्हा तपासायची म्हणजे पगारी माणसं लागतात. हे ऐकून आमच्या एका सहकाऱ्याने पद्मिनी टॅक्सीचा दाखला दिला : मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीही चालत्या होत्या, तरी काढल्याच ना? दाखला मला आवडला, कारण तो माझ्याच बाजूने पडतो. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य २० वर्षं ठरलेलं, म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. मुदत उघडपणे जाहीर झालेली होती, मर्यादेमागे धुराचं आणि सुरक्षेचं कारण होतं, ते वाद घालायला खुलं होतं. आणि वीस वर्षांत ती बंद पडली तर कुर्ल्याचा कुठलाही मेकॅनिक बॉनेट उघडून आत हात घालू शकत होता. त्यासाठी त्याला कारखान्याची परवानगी लागत नव्हती. टॅबच्या खोक्यावर अशी तारीख मी कधी पाहिली नाही. 'या पाटीचा ड्रायव्हर २०१६ पर्यंतच मिळेल' असं त्या खोक्यावर छापलं असतं, तर मी कदाचित तरीही घेतली असती, पण वेगळ्या भावाने घेतली असती.

आता कारस्थानवाल्यांकडे वळते, कारण त्यांच्यामुळे माझी बाजू हलकी होते. सगळ्या कंपन्या जुनं मुद्दाम मारतात, तर वॅकॉमचं काय करायचं? लिनक्सच्या कर्नलमध्ये वॅकॉमचा ड्रायव्हर आहे, तो सांभाळणाऱ्यांत वॅकॉमचेच पगारी अभियंते आहेत आणि जोडायला यूएसबी नव्हे तर सिरियल पोर्ट लागायचा त्या काळातल्या पाट्यांसाठीही कर्नलमध्ये ड्रायव्हर सापडतो. विंडोज आणि मॅकचे जुने ड्रायव्हरही ही कंपनी उतरवून घेण्यासाठी ठेवते. हे कारस्थान करणाऱ्याचं वागणं नव्हे. पण त्याच कंपनीच्या बांबू, ग्राफायर आणि पहिल्या इंट्युओस पाट्यांचे मॅकवरचे ड्रायव्हर कॅटालिना आल्यावर कोसळू लागले, तेव्हा त्या मॉडेलांची मुदत संपलेली होती. शेवटी बाहेरच्याच एका हौशी प्रोग्रामरने ते तयार ड्रायव्हर उकलून पाहिले, दोष शोधला आणि दुरुस्त प्रती फुकट वाटून दिल्या. यात दुष्टावा कुठे दिसतो? मला दिसतो तो निव्वळ हिशेब. जुन्या गिऱ्हाइकाकडून नवा पैसा येत नाही, म्हणून त्याच्या कामाचा नंबर कधी लागत नाही. दुष्टाव्यावर चिडता येतं. हिशेबाला मात्र हिशेबानेच उत्तर द्यावं लागतं, आणि एका उत्साही माणसाला जे फावल्या वेळात जमलं ते करू देण्याचा कंपनीला येणारा खर्च जवळपास शून्य आहे.

मराठीत लिहिणाऱ्याला तर हे समजावून सांगायची गरजच पडू नये. आपण ही जत्रा एकदा अनुभवली आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर ज्या फॉन्टांत टाइप व्हायचा, त्यांत प्रत्येक कंपनीने अक्षरांच्या जागा आपल्या मनाने ठरवल्या होत्या. एकाचा काना दुसऱ्याची वेलांटी व्हायची. काही सॉफ्टवेअरना तर संगणकाच्या मागे डाँगल, म्हणजे किल्लीसारखा एक छोटा जोड, लावायला लागायचा. डाँगल हरवला की आपण लिहिलेलं आपल्यालाच परकं. खरं तर भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे सामाईक मानक १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध झालं होतं आणि युनिकोडमधला देवनागरीचा विभागही इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतलेला आहे. म्हणजे करार होता, पाळला नाही; थेट आमच्या पाट्यांसारखंच. परिणाम? कित्येक लेखकांच्या, छोट्या प्रकाशकांच्या, अंकांच्या फायली आज उघडल्या तर चिन्हांचा कचरा दिसतो. त्यांतल्या ज्या वाचल्या त्या कशामुळे वाचल्या? कुणीतरी चिकाटीने बसून अमुक खुणेला तमुक अक्षर असा तक्ता बनवला आणि त्यावरून कन्व्हर्टर लिहिला. ज्या फॉन्टचा तक्ता उलगडला त्यातला मजकूर तगला. फॉन्टच्या कंपन्यांनी आम्हाला जन्मभर सेवा द्यावी असं कुणी म्हणत नव्हतं. तो एका पानाचा तक्ता छापून ठेवला असता तर कितीतरी माणसांच्या रात्री वाचल्या असत्या.

यावर एक शहाणा आक्षेप येतो : भाषा उघड केली की प्रतिस्पर्धी नक्कल करतील. काय नक्कल करतील? पेन कसं जागं होतं, दाब कसा मोजला जातो, तारांचं जाळं कसं विणलं आहे, हे खरं कसब पाटीच्या आत आहे आणि ते पाटी संगणकाला सांगतच नाही. ती सांगते ते इतकंच : पेन आडवं इतकं, उभं इतकं, दाब इतका, बटण दाबलेलं. टपालपेटीचा आकार उघड झाला म्हणून टपालखात्याचं गुपित फुटत नाही. आणि पेटंटचा मूळ सौदा तरी काय आहे? २० वर्षं मक्तेदारी घे, बदल्यात कसं केलंस ते जगाला लिहून दे. खुद्द शोधासाठी समाजाने हा सौदा मान्य केला. मग चार आकड्यांच्या निरोपासाठी अमर्याद गुप्तता कुठल्या न्यायाने?

इथे लिनक्सप्रेमी मंडळी पुढे सरसावतात आणि म्हणतात, मग लिनक्सच वापरा ना, प्रश्न मिटला. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. डिजिमेंड या प्रकल्पातल्या लोकांनी विविध ब्रँडच्या पाट्यांचे संकेत एकेक करून उलगडले आणि ते काम लिनक्सच्या कर्नलमध्ये गेलं, म्हणून तर माझी पाटी बोलली. पण हे उत्तर अपुरं आहे. माझ्या विद्यार्थ्यांना ज्या स्टुडिओत नोकरी मिळते तिथे फोटोशॉप मागतात आणि ते लिनक्सवर येत नाही. शिवाय लिनक्सच्या घरातही पद्धती बदलतात. उबुंटूने २०२१ मध्ये वेलँड ही नवी चित्रप्रणाली आधीपासून चालू करून दिली आणि टॅबची बटणं, क्षेत्रफळ, दाब जुळवायची वर्षानुवर्षांची 'एक्ससेटवॅकॉम' ही आज्ञा तिथे निकामी झाली. नव्या सेटिंग्जमध्ये ते सगळं यायला वेळ लागला. फरक एवढाच, की तिथे काय मोडलं आणि का मोडलं हे वाचता येतं, आणि ज्याला येतं तो दुरुस्त करू शकतो. मात्र दुसऱ्यांच्या पाट्यांची कुलपं रात्री जागून फोडणाऱ्या मूठभर स्वयंसेवकांवर सगळी भिस्त ठेवणं म्हणजे गावाचं पाणी एका दानशूर माणसाच्या विहिरीवर सोडून देणं. तो आहे तोवर ठीक.

मागणी कुणाकडे करायची? कायद्याचा पाया आपल्याकडे आहे, ही गोष्ट वादात कुणीच काढली नाही. १९५७च्या प्रताधिकार कायद्यात १९९९च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(एबी) आलं. ज्याच्याकडे प्रोग्राम वैध मार्गाने आला आहे त्याला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती मिळवायची असेल, आणि ती सहज उपलब्ध नसेल, तर त्यासाठी केलेली कृती प्रताधिकाराचा भंग धरली जात नाही. साध्या मराठीत : कुलूप तुम्ही लावा, पण उघडून पाहणाऱ्याला चोर म्हणू नका. पुढचं पाऊल अजून पडायचं आहे. ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं; त्यात शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार विभाग आहेत. तिथला सूर सुट्या भागांचा, सेवा केंद्रांचा, वॉरंटीचा आहे. माझ्या पाटीचा एकही सुटा भाग बिघडलेला नाही, तेव्हा तिथे मी नेमकी कुठली तक्रार नोंदवू? युरोपीय संघात जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनना विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट देण्याची अट लागू झाली आहे. चांगलं आहे, पण तेही पोसण्याची मुदत वाढवणं झालं. मला हवंय ते त्याहून स्वस्त आणि त्याहून टिकाऊ : खोक्यावर आधाराची शेवटची तारीख, आणि त्या तारखेला पाटीच्या निरोपांचा तक्ता सर्वांसाठी खुला.

या वादात सगळेजण हटकून ई-कचऱ्याचा आकडा फेकतात. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला, हे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहेच. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या डोंगरात आमचे बारा टॅब म्हणजे चिमूटभर माती. वजनावर भांडलो तर हरू. माझं भांडण दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे. आमच्याकडे येणारी निम्मी मुलं तालुक्याच्या गावांतून येतात, खोली भाड्याने घेऊन राहतात, मेसचे पैसे भरतात. 'चार-पाच हजारांत नवा मिळतो' हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारून पाहा. त्यांच्या हातात पहिला टॅब येतो तो कुणाचा तरी जुना. वरच्या वर्गातल्या ताईने दिलेला, नाहीतर कुणाच्या मामाच्या स्टुडिओतून सुटलेला. हातातून हातात जाणाऱ्या वस्तूंवरच आपल्याकडे कितीतरी कसबं पोसली गेली. पेटी जुनी मिळते, तबला जुना मिळतो, शिलाई मशीन आजीचं असतं, आणि त्यांना नव्या घरात आल्यावर कुणाची परवानगी लागत नाही. ड्रायव्हर संपला की ही साखळी तुटते, आणि तुटते ती नेमकी त्या टोकाला जिथे पैसे सगळ्यांत कमी असतात. काळाबरोबर चाला म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे : चालायला सांगताय, पण भाडं कोण देणार?

ती यादी मी सही न करता परत पाठवली. दोन विद्यार्थ्यांना घेऊन शनिवारी दुपारी बाराही टॅब तपासले. ओपनटॅब्लेटड्रायव्हरवर नऊ चालू झाले, मेमरी इंटिग्रिटीला हात न लावता. दोघांच्या केबल या हलवाहलवीत तुटल्या होत्या, एकाचं पेन सापडत नव्हतं. सोमवारी आमच्या कार्यालयातल्या भाऊंनी विचारलं, "मॅडम, मग शेऱ्यात काय लिहू?" मी म्हटलं, नऊ नग चालू, फक्त कंपनीचा ड्रायव्हर नाही, असं लिहा. त्यांनी छापील नमुना माझ्यापुढे सरकवला. त्यात दोनच रकाने होते, 'दुरुस्त होण्याजोगे' आणि 'दुरुस्त न होण्याजोगे'. भाऊ पेन उघडून वाट पाहत बसले.